जुना साचा, नवी पावती

चाकांचा आस इंजिनाच्या पोटातून आरपार गेला असेल, तर ती गाडी कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. पण तीच गाडी खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी असेल, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांत असेल आणि खोक्यावर साठ वर्षांपूर्वीचं चित्र असेल, तर अमेरिकेतला पासष्टीचा गृहस्थ तिच्यासाठी तीस-पस्तीस डॉलर खुशीने मोजतो. उद्या कंपनीने शहाणपणा करून इंजिनातलं ते भोक बुजवलं, तर हाच गृहस्थ खवळेल. मूळ किटमध्ये भोक होतं, तेव्हा भोक पाहिजे.

प्रकार असा आहे. १९५० ते १९८० या काळात अमेरिकी पोरं ज्या मोटारींची, मालट्रकांची आणि हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी कापून-बदलून घेतलेल्या जुन्या मोटारींची, किटं घरी आणून गोंदाने चिकटवत, ती किटं आता बऱ्याचदा त्याच साच्यांतून आणि त्याच चित्रांच्या खोक्यांतून पुन्हा निघताहेत. इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंडची राउंड टू ही कंपनी एएमटी आणि एमपीसी या दोन जुन्या नावांची मालक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या डीअर पार्कच्या ॲटलांटिसकडे रेव्हेल आणि मोनोग्राम या किट कंपन्यांच्या जुन्या साच्यांचा मोठा साठा आहे. उरलेल्या रेव्हेलचा कारभार जर्मनीतून चालतो. म्हणजे डेट्रॉईट, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या आसपास जन्मलेलं हे बालपण आता तीन मालकांत वाटलेलं आहे, आणि तिघेही ते दरवर्षी थोडं थोडं सोडतात. सगळं एकदम सोडलं तर पुढच्या वर्षी काय सोडणार?

राउंड टूचे संस्थापक टॉम लो यांचा या धंद्यातला हात जुना आहे. टॉपर कंपनीच्या जॉनी लायटनिंग या छोट्या मोटारी १९६९ साली निघाल्या आणि कंपनीच्या दिवाळखोरीबरोबर काही वर्षांत संपल्या. लो यांनी १९९४ साली त्या पुन्हा जिवंत केल्या. लहानपणी आवडलेली वस्तू मोठेपणी परत मिळवायला माणसं किती पैसे देतात, याचा अंदाज त्यांना तेव्हाच आला असणार. त्यांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक रडत रडत पैसे द्यायला तयार असेल, तर दुकानदाराने रुमालही विकायला ठेवावा.

माझी तक्रार गिऱ्हाइकाशी आहे. तो ज्या काळासाठी उसासे टाकतो, त्या काळाला उसासा टाकायला फुरसत नव्हती.

एएमटीचंच घ्या. कंपनी १९४८ ची, मिशिगनमधल्या ट्रॉयची. आज डेट्रॉईटच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ज्या ट्रॉयच्या आसपास राहतात, तेच हे ट्रॉय. एएमटीचा मूळ धंदा खेळण्यांचा नव्हता, मोटार विक्रेत्यांचा होता. नवी शेव्हरोले किंवा फोर्ड शोरूममध्ये आली की तिची हातभर नव्हे, वीतभर लांबीची प्रतिकृती विक्रेत्याच्या टेबलावर ठेवायची. रंगही कारखान्याच्या रंगाशी जुळणारा. बाप गाडीभोवती फिरत असताना पोराच्या हातात ती द्यायची. मग पोरगा बापाला घेऊन परत येणारच. ही छोटी मोटार ॲसिटेट प्लॅस्टिकची असे आणि काही वर्षांत केळ्यासारखी वाकत असे. आज त्या वाकलेल्या मोटारींनाही गिऱ्हाईक आहे, हे वेगळं सांगायला नको.

१९५८ साली एएमटीने हीच प्रतिकृती सुट्या भागांत विकायला काढली. एका खोक्यात तीन गाड्यांचं सामान: हवी तर शोरूममधल्यासारखी बनवा, हवी तर नटवून बनवा, नाहीतर शर्यतीची बनवा. किंमत दीड डॉलरच्या घरात. पोरगा चौथीच बनवायचा, कारण तिन्हींचे भाग त्याला एकाच गाडीवर हवे असत. कंपनीचीही तीच इच्छा होती. कापा, घासा, चिकटवा, बिघडवा आणि बिघडलं की दुसरं किट आणा.

आता गंमत बघा. डेट्रॉईटच्या मोटारी दरवर्षी चेहरा बदलत, म्हणून किटही दरवर्षी बदलायचं. पोलादी साचा घडवणं महाग काम. भोसरीच्या कुठल्याही टूलरूममध्ये विचारा, साच्याचा आकडा ऐकून नवा उद्योजक आधी पाणी मागतो. मग एएमटीने काय केलं? थोरल्याचा सदरा आखूड करून धाकट्याला चढवावा, तसा १९६३ चा साचा खोदून १९६४ चा केला. पुढची जाळी बदलली, मागचे दिवे बदलले, काम झालं. १९६३ ची गाडी तिथेच संपली. त्या दिवशी ट्रॉयमध्ये कुणी काळी फीत लावली नाही. खऱ्या गाडीचा आकार पुरता बदलला की जुन्या साच्याची रवानगी शर्यतीच्या गाड्यांकडे होई: चाकांच्या कमानी कापून मोठ्या करायच्या, आतली बैठक काढून पिंजरा बसवायचा, की धूळभरल्या मैदानावर धडका घेणारी गाडी तयार. अशा कित्येक देखण्या मोटारींच्या साच्यांवर सत्तरच्या दशकात हे संस्कार झाले. आज ज्यांच्यासाठी माणसं हळहळतात, त्या गाड्या चोरीला गेलेल्या नाहीत की जळालेल्या नाहीत. मालकाने स्वतःच्या कारखान्यात, पगारी कारागिराकडून, दिवसाउजेडी कापल्या आहेत.

म्हणून पुनर्जन्माचा हा धंदाही दोन जातींचा आहे. साचा शाबूत असेल तर साफसूफ करून त्यातून माल काढतात. साचा गेला असेल, तर कुणाच्या तरी माळ्यावरचं न जोडलेलं मूळ किट मिळवून त्यावरून नवा साचा घडवतात. म्हणजे एका मोटारीची प्रतिकृती, त्या प्रतिकृतीची प्रतिकृती, आणि तिच्या खोक्यावर ‘मूळ’ असल्याचा तोरा. जाणकार मग भिंग घेऊन बसतात. छताचा उतार अर्ध्या मिलिमीटरने चुकला, जाळीच्या पट्ट्या जाड झाल्या. यांना त्यांचीच जमात रिव्हेट मोजणारे म्हणते. मूळ किटमध्ये तोच उतार एक मिलिमीटरने चुकलेला होता हे दाखवून दिलं, तर ते शांतपणे सांगतात, ती चूक अस्सल होती.

हॉट रॉडचं प्रकरण तर याहून विनोदी. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या किमतीत व्ही-८ इंजिन दिलं, ६५ अश्वशक्तीचं. काही वर्षांत त्या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोल झाल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. त्यांनी पहिलं काम केलं ते पत्रा काढून फेकण्याचं. मडगार्ड गेली, बंपर गेला, छप्पर कापून खाली आणलं. जे जे वजन करतं ते काढा, जे जे पळवतं ते लावा, आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन गाडी तुटेपर्यंत पळवा. १९३७ मध्ये त्यांची संघटना झाली, १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ मासिक काढलं, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी शर्यतींना नियम लावले. पण मुळातला धर्म तोच राहिला: बापाच्या गाडीचा मान ठेवायचा नाही.

आज त्या गाडीचं प्लॅस्टिकचं किट हातात घेऊन एक ज्येष्ठ नागरिक विचारतो, १९६२ च्या खोक्यातल्या कॅलिफोर्नियाच्या पिवळ्या नंबरप्लेटचा डिकल, म्हणजे चिकटवायचं छापील चित्र, यात आहे का? नसेल तर हा इतिहासाचा अपमान आहे. पत्रा कापणाऱ्या बेशिस्त पोरांच्या स्मारकाला हात लावायचा नाही, अशी पाटी लावलेली आहे.

त्या बेशिस्तीचा खरा महंत होता एड रॉथ. फायबरग्लासच्या चित्रविचित्र गाड्या बनवायचा, जत्रांमधून टी-शर्टवर राक्षस रंगवून द्यायचा. ‘रॅट फिंक’ नावाचा त्याचा हिरवा, सुटलेल्या पोटाचा, माशा घोंघावणारा उंदीर म्हणजे मिकी माऊसला कॅलिफोर्नियाने दिलेलं उत्तर. रेव्हेलने १९६३ साली त्याचंही किट काढलं. रॉथचं ‘बिग डॅडी’ हे टोपणनावसुद्धा रेव्हेलच्या प्रसिद्धी विभागातून आलेलं. आणि मानधन? किटमागे एक सेंट. बंडखोराचा भाव बाजाराने असा नेमका ठरवलेला असतो. त्याची ‘मिस्टेरियन’ नावाची दोन इंजिनांची, बुडबुड्यासारख्या पारदर्शक छताची खरी गाडी पुढे कुठे गेली कुणाला ठाऊक. पण तिचं प्लॅस्टिकचं किट मात्र मागे राहिलं. गाडी हरवली आणि खेळणं टिकलं. रॉथ असता तर हसला असता; तो २००१ साली गेला.

मोनोग्रामच्या टॉम डॅनियलने तर उलटीच गंगा वाहवली. जनरल मोटर्समध्ये काम केलेला हा चित्रकार. त्याने पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण हेच छप्पर असलेली ‘रेड बॅरन’ गाडी कागदावर काढली आणि तिचं किट १९६८ साली बाजारात आलं. अशी गाडी जगात कुठेच नव्हती. किट इतकं खपलं की गाड्यांची प्रदर्शनं भरवणाऱ्या बॉब लारिव्ही यांनी चक मिलर यांच्याकडून ती खरोखरची बांधून घेतली. किटमध्ये युद्धातल्या विमानाचं काल्पनिक इंजिन होतं, खऱ्यात पॉन्टिॲकचं सहा सिलिंडरचं बसवावं लागलं, कारण कल्पनेला पेट्रोल चालत नाही. १९७० साली तिचीच हॉट व्हील्स निघाली. खेळण्याची गाडी झाली, गाडीचं पुन्हा खेळणं झालं. आता यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, यावर रिव्हेट मोजणाऱ्यांनी एक परिषद भरवायला हरकत नाही. छपराचा उतार मात्र कोणत्या शिरस्त्राणावरून मोजायचा, ते आधी ठरवावं.

त्या निरागस काळाबद्दल एक गोष्ट खोक्यांवर छापत नाहीत. गोंद. किटाच्या गोंदात टोल्यूइन असायचं, आणि अमेरिकेतली काही पोरं गाडी चिकटवण्याऐवजी गोंदच हुंगू लागली. वर्तमानपत्रांत बोंब झाली, १९६२ मध्ये अनाहाइम शहराने त्याविरुद्ध नियम केला, मग गावोगावी बंधनं आली. शेवटी १९६९ साली टेस्टर्स कंपनीने गोंदात मोहरीचं झणझणीत तेल घातलं, म्हणजे हुंगणाऱ्याचं नाक जळावं. एका पिढीचं बालपण वाचवण्याचं श्रेय मोहरीला द्यावं लागेल. हे मात्र कुणी ‘रेट्रो आवृत्ती’ म्हणून परत काढलेलं नाही.

आता ट्रक. इथे थोडा वेळ तिरकसपणा बाजूला ठेवतो, कारण एएमटीच्या सत्तरच्या दशकातल्या मालट्रकांची किटं खरोखर उत्तम आहेत. पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९२५, ऑटोकार, फोर्डची लुईव्हिल मालिका. मोटारीच्या किटात चासी म्हणजे एक सपाट तुकडा, त्यावर एक्झॉस्टची नळी तिथेच उमटवलेली. ट्रकात असली लबाडी चालत नाही, कारण त्याची हाडं उघडी असतात. शिडीसारखी चासी एकेका आडव्या पट्टीने जोडावी लागते. कमानपाटे, दोन्ही मागचे आस, त्यांना जोडणारा शाफ्ट, डिझेल इंजिनावरच्या नळ्या, हवेच्या ब्रेकच्या टाक्या, सगळं सुटं. ज्या पोराने हे किट नीट पुरं केलं, त्याला ट्रक कसा चालतो हे कुणी शिकवावं लागलं नाही. हे साचे शाबूत राहिले आणि परत आले, याचा मला आनंद आहे. पण खोक्यावरच्या चित्राचं काय करायचं?

चित्रात संध्याकाळचं आभाळ असतं, मोकळा हायवे असतो, क्रोमच्या दोन नळकांड्यांतून धूर निघत असतो आणि लांब नाकाचा पीटरबिल्ट कुणाच्याही बापाला न जुमानता निघालेला असतो. आता त्या वर्षांत प्रत्यक्ष काय चाललं होतं बघा. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. डिझेल महागलं, पंपांवर संपलं. १९७४ च्या जानेवारीत निक्सन यांनी सगळ्या देशाला ताशी ५५ मैलांच्या मर्यादेत बसवलं. ज्याची कमाई मैलांवर मोजतात, त्याला हळू चालवायला लावणं म्हणजे पगार कापणं. ट्रकवाल्यांनी हायवे अडवले, संप केले. पोलिस कुठे दबा धरून आहेत आणि डिझेल कुठे मिळतंय हे एकमेकांना कळवायला सीबी रेडिओ घेतले. ही सगळी अडचणीची कहाणी.

मग ती अडचण देशाला आवडली. १९७४ ते १९७६ दोन ट्रकवाल्यांवरची ‘मूव्हिन ऑन’ ही मालिका एनबीसीवर चालली. तिच्यातल्या केनवर्थचं किट एएमटीने काढलं आणि तेही परत आलेलं आहे. १९७६ च्या जानेवारीत ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या ट्रकवाल्यांचं गाणं. गाणारा सी. डब्ल्यू. मॅकॉल हा ट्रकवाला नव्हताच. बिल फ्राईज नावाच्या ओमाहामधल्या जाहिरातवाल्याने पावाच्या एका जाहिरातीसाठी ते पात्र निर्माण केलं होतं. अमेरिकी रस्त्याचा राजा हा असा बेकरीतून आला. पाठोपाठ घराघरांत सीबी रेडिओ आले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ नावाने हवेवर आल्या. बिचाऱ्या ट्रकवाल्याला पुढच्या वळणावर पोलिस आहे का ते विचारायचं असायचं, आणि चॅनलवर गप्पांचा बाजार.

१९८० च्या जुलैत कार्टर यांनी मालवाहतूक खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. दर पडले, नवे धंदेवाले शिरले, कामगार संघटनेची पकड सुटली, ड्रायव्हरची खरी मजुरी घसरत गेली. मायकेल बेल्झर या अभ्यासकाने २००० साली या स्थितीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ट्रकांना चाकांवरचे पिळवणुकीचे कारखाने म्हटलं आहे. ते पुस्तक कुणी क्रोमच्या डब्यात घालून परत काढलेलं नाही. पीटरबिल्ट ३५९ चं उत्पादन १९८७ मध्ये थांबलं, आणि तेव्हापासून तो अधिकाधिक चकचकीत होत चाललेला आहे. बहुतेक खोक्यांत एक मात्र नसतं, आणि ते कधीच नव्हतं: ड्रायव्हर. आसन आहे, स्टिअरिंग आहे, केबिनमागे झोपायची पेटी आहे. माणूस नाही. माणूस घातला की त्याच्या पगाराचा विषय निघतो.

एक अपवाद मला आवडतो. फोर्डचा सी-मालिकेतला ठेंगणा, चपट्या तोंडाचा ट्रक. १९५७ पासून १९९० पर्यंत चेहरा न बदलता बनत राहिला, शहरात दूध, बर्फ, फर्निचर, बाटल्या पोचवत राहिला. त्याच्यावर कुणी गाणं रचलं नाही. तोही परत आला, पण त्याच्यासोबत खोक्यात कोका-कोलाची दोन यंत्रं द्यावी लागली. नुसतं काम करणाऱ्याला विकत घेणार कोण?

असो. खोकं घरी आलं, आता जोडायला बसणार का? छे. खोकं उघडलं की भाव पडतो. या छंदातल्या लोकांकडे न उघडलेल्या किटांचा जो डोंगर साठतो त्याला ते स्टॅश म्हणतात, आणि आयुष्यात पुरा होणार नाही इतका स्टॅश झाला की त्याचाही अभिमान बाळगतात. मूळ साठच्या दशकातलं सीलबंद किट असेल तर ते कपाटात, उन्हापासून दूर, पूजेतल्या मूर्तीसारखं नव्हे, कारण मूर्तीला निदान रोज कुणी हात लावतं.

आणि बंद खोक्यात काय चाललेलं असतं? टायर मऊ व्हायनिलचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यांत जे रसायन मिसळतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या पॉलिस्टायरिनला टेकलं असेल ते विरघळवतं. टायर बॉनेटवर पडलेला असेल तर बॉनेटमध्ये टायरचा ठसा उमटतो, काचेवर असेल तर काच जाते. डिकल पिवळे पडतात. सील शाबूत, किंमत शाबूत, आत गाडी स्वतःच्याच टायरांनी खाल्लेली. जोडून टाकली असती तर निदान पोराने चार दिवस पळवली असती, पाचव्या दिवशी फटाका लावून उडवली असती, आणि पूर्ण वसूल झाली असती.

अशा सीलबंद खोक्याच्या मालकावर खरी वीज पडते ती नवी आवृत्ती जाहीर होते तेव्हा. काल शेकड्यात विकलं जाणारं दुर्मीळ किट आज तीस-पस्तीस डॉलरला कुठल्याही दुकानात. ज्याला गाडी जोडायची आहे तो आनंदात. ज्याने गुंतवणूक केली तो जाहीर करतो की नव्या आवृत्तीत ‘आत्मा’ नाही. भाव पडला की आत्मा आठवतो.

साच्यांवरून होणाऱ्या हळहळीचा एक नमुना तर ऐकण्यासारखा आहे. रेव्हेल-मोनोग्रामची मालक असलेली इलिनॉयमधली हॉबिको ही कंपनी २०१८ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली. कंपनी कर्मचाऱ्यांच्या मालकीची होती. कुठला साचा ॲटलांटिसला गेला, कुठला जर्मनीला, याची यादी छंदिष्टांना तोंडपाठ आहे. कर्मचाऱ्यांच्या शेअरांचं काय झालं, हे मला कुणा छंदिष्टाच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही. साचा पोलादी असतो. तो टिकला का, याची चौकशी करावीशी वाटते.

नव्या खोक्यांत बदल काहीच नाही असं नाही. मध्यंतरी बरीच वर्षं टायरांच्या भिंती कोऱ्या असायच्या, कारण गुडइयर, फायरस्टोन ही नावं छापायची तर परवाना हवा. साठच्या दशकात नाव छापलं की टायर कंपनीला फुकट जाहिरात मिळाल्याचा आनंद व्हायचा. नंतर तिच्या वकिलाला नोकरी मिळाली. आता परवान्याची फी भरून नावं परत आली आहेत आणि खोक्यावर ‘परत आलेली टायरवरची अक्षरं’ ही मोठी बातमी म्हणून झळकतात. आपल्याच पुसलेल्या अक्षरांना पुन्हा रंग दिल्याचे वेगळे पैसे.

दुसरा बदल वयाचा. हीच किटं दहा वर्षांची पोरं जोडत. आज खोक्यावर ‘१४ वर्षं व पुढे’ असतं. २००८ च्या अमेरिकी कायद्याने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना स्वतंत्र प्रयोगशाळेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, आणि किटं अचानक प्रौढ झाली, योगायोग म्हणा. तसंही गिऱ्हाईक चौदाच्या पुढे गेलेलंच आहे, बरंच पुढे.

अमेरिकेच्या रस्त्याचं हे गुणगान बरंचसं छापून आणि ओतून येतं चीनमधून. डेट्रॉईटजवळ घडवलेले पोलादी साचे समुद्र ओलांडून गेले, आणि त्यांतून निघालेला पीटरबिल्ट कंटेनरमध्ये बसून मायदेशी येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं आणि मे महिन्यात नव्या शुल्काचा आकडा ३० वर आणला. त्या मधल्या आठवड्यांत बंदरात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रकाला निदान एक गोष्ट खऱ्या ट्रकवाल्यासारखी अनुभवायला मिळाली असेल: निघायचं की थांबायचं, हे वॉशिंग्टन ठरवणार.

पुण्या-मुंबईतही हा छंद करणारे आहेत. थोडे आहेत, पण चिवट आहेत. त्यांची परीक्षा आपल्या कस्टममध्ये होते. खेळणी आणि लहान मापाच्या प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. त्यांच्यावरची आयात जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. हेतू देशी खेळण्यांना आधार देण्याचा. आता गंमत अशी की खेळण्यांच्या गुणवत्तेचा आपला सक्तीचा आदेश चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे, आणि खोक्यावर तर १४ व पुढे लिहिलंय. म्हणजे भारतीय मानकाचा शिक्का मागताना ते खेळणं नाही, आणि जकात घेताना ते खेळणंच. किमतीवर जकात, वर कर, वर कुरिअरची हाताळणी. एवढं भरून जो ते घेतो, तो घरी आल्यावर बायकोला किंमत सांगताना डॉलरमध्ये सांगतो, आणि तीही १९६२ ची.